दोन्ही बाजूंचा विश्वास लाभलेला अध्यक्ष : हकीम अजमल खान

नवी दिल्ली : करोल बागेतील अजमल खान रस्त्यावर दिवसभर गर्दी ओसरत नाही. कपड्यांची दुकाने, सराफी पेढ्या, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि त्यांतून वाट काढणारे ग्राहक, असे तेथील रोजचे दृश्य असते. स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून दिल्लीत आलेले शेकडो विद्यार्थी याच परिसरात आणि शेजारच्या राजेंद्र नगरात राहतात. प्रशासनात जाऊन लोकांचे नेतृत्व करण्याचे स्वप्न बाळगणारी ही मुले दिवसातून अनेकदा या रस्त्याचे नाव घेतात. मात्र ज्यांचे नाव या रस्त्याला आणि जवळच्या उद्यानाला दिले आहे, त्या हकीम अजमल खान यांची ओळख बहुतेकांना नसते. रस्त्यापासून थोड्याच अंतरावर त्यांनी उभारलेले आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया महाविद्यालय शंभर वर्षांनंतरही सुरू आहे. त्यांची खरी ओळख तेथूनच करून घ्यावी लागते.

हकीम अजमल खान हे विख्यात वैद्य होते, शिक्षणसंस्थांचे संस्थापक होते आणि राष्ट्रीय सभेचे अध्यक्षही होते. त्यांच्या काळात त्यांच्याहून प्रभावी वक्ते होते, अधिक लोकप्रिय पुढारी होते आणि तुरुंगवासाने तेजाळलेले अनेक कार्यकर्तेही होते. तरीही सहकारी तुरुंगात गेले, संघटनेत दोन तट पडले किंवा शहरात दंगलीची ठिणगी पडली, की सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे वळत. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना ज्याच्या शब्दावर विसंबता येईल असा माणूस, ही त्यांची प्रतिष्ठा होती. ती त्यांना कशी लाभली आणि तिची किंमत त्यांनी कशी मोजली, याचा हा मागोवा.

बल्लीमारानमधील घराणे

अजमल खान यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८६८ रोजी दिल्लीत झाला. त्यांचे पूर्वज मोगल दरबारात राजवैद्य होते. हकीम शरीफ खान या ख्यातनाम पूर्वजाच्या नावाने ओळखली जाणारी शरीफ मंझिल ही जुन्या दिल्लीतील बल्लीमारान भागातली हवेली घराण्याचे निवासस्थान होती आणि रुग्णांसाठी आशेचे ठिकाणही. वडील हकीम महमूद खान यांची कीर्ती उत्तर हिंदुस्थानभर पसरलेली होती.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज फौजांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली, तेव्हा शहरात सूडाचे थैमान सुरू झाले. या घराण्यातील वैद्य पतियाळा संस्थानच्या सेवेत असल्याने महाराजा नरेंद्र सिंह यांच्या सैनिकांनी त्या गल्लीला संरक्षण दिले. अनेक दिल्लीकरांनी तेथे आसरा घेतला. त्याच परिसरात राहणारे कवी मिर्झा गालिब यांनी आपल्या फारसी रोजनिशीत या प्रसंगाची नोंद करून ठेवली आहे. अजमल खान यांचा जन्म त्यानंतर सुमारे अकरा वर्षांनी झाला. घराण्याचा मान आणि ओळखी संकटात परक्यांच्याही उपयोगी पडाव्यात, हा संस्कार त्यांना असा वारशाने मिळालेला होता.

त्यांनी बालपणी कुराण मुखोद्गत केले, अरबी आणि फारसीचे अध्ययन केले आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून वैद्यकाचे धडे घेतले. १८९२ मध्ये ते रामपूरच्या नवाबांचे प्रमुख वैद्य म्हणून रुजू झाले. पुढची सुमारे दहा वर्षे त्यांनी तेथे काढली. रामपूरच्या समृद्ध ग्रंथसंग्रहाचा त्यांना मोठा लाभ झाला. पुढे थोरले बंधू हकीम अब्दुल मजीद खान आणि मधले बंधू हकीम वासिल खान यांचे एकापाठोपाठ निधन झाले. घराण्याची आणि थोरल्या बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सुरू केलेल्या तिब्बिया मदरशाची धुरा त्यामुळे त्यांच्या खांद्यावर आली.

दिल्लीतील रुग्णांकडून तपासणीचे पैसे घ्यायचे नाहीत, ही घराण्याची रीत त्यांनी अखेरपर्यंत पाळली. संस्थानिकांच्या बोलावण्यावरून बाहेरगावी जाताना मात्र ते भरघोस मानधन घेत. त्यातील मोठा वाटा सार्वजनिक कामांवर खर्च होई. औषधनिर्मितीसाठी त्यांनी उभारलेल्या हिंदुस्थानी दवाखान्याचे उत्पन्नही त्यांनी वैद्यकीय शिक्षणसंस्थेच्या नावे केले. निधी मागण्यासाठी ते इतरांच्या दारी जात तेव्हा स्वतःचा हात आधीच मोकळा केलेला असे. त्यांच्या शब्दाला पुढे जे वजन आले त्याचा पाया येथे होता.

दोन शास्त्रे, एकच छत

विसाव्या शतकाच्या आरंभी देशी वैद्यकासमोर मोठे संकट उभे राहिले. पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांची सरकारी नोंदणी करण्याचे कायदे प्रांतोप्रांती येऊ लागले. मुंबई इलाख्यात असा कायदा १९१२ मध्ये झाला. नोंदवहीत ज्यांना स्थान नाही त्या वैद्यांची आणि हकिमांची प्रतिष्ठा आणि उपजीविका धोक्यात येईल, अशी भीती देशभर पसरली. या प्रश्नाची चाहूल लागताच अजमल खान यांनी १९१० मध्ये अखिल भारतीय पातळीवर वैदिक आणि युनानी वैद्यकाची संयुक्त परिषद स्थापन केली.

हा निर्णय त्या काळी सोपा नव्हता. आयुर्वेद आणि युनानी या दोन पद्धतींच्या अभ्यासकांत स्पर्धा होती. शिवाय एकीकडे हिंदू आणि दुसरीकडे मुस्लिम अशी ओळख या शास्त्रांना चिकटू लागली होती. हकीमसाहेबांनी दोघांना एका व्यासपीठावर बसवले. त्याच वेळी त्यांनी दोन्ही बाजूंना एक कटू सत्यही ऐकवले. केवळ प्राचीनतेचा अभिमान बाळगून शास्त्र टिकणार नाही. शरीररचना, शस्त्रक्रिया आणि निरीक्षणाच्या आधुनिक पद्धती शिकाव्याच लागतील, अशी त्यांची भूमिका होती. लखनौच्या काही मान्यवर हकीम घराण्यांना ती रुचली नाही. पाश्चात्त्य ज्ञानाची सरमिसळ झाल्यास युनानीची शुद्धता हरपेल, असे त्यांना वाटत होते. हकीमसाहेबांनी त्यांच्याशी जाहीर वाद वाढवला नाही, पण आपली दिशाही बदलली नाही.

स्त्रियांच्या आरोग्याचा विचारही त्यांनी वेळीच केला. प्रसूतीच्या वेळी होणारे मृत्यू टाळण्यासाठी सुइणींना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे म्हणून १९०९ मध्ये त्यांनी दिल्लीत स्त्रियांसाठी स्वतंत्र तिब्बिया शाळा सुरू केली. परंपरेने घराघरांत सोपवलेले काम वर्गात शिकवण्याचा तो प्रयत्न होता.

१९११ मध्ये त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना येथील रुग्णालये व ग्रंथालये पाहिली. लंडनमधील चेरिंग क्रॉस रुग्णालयात त्या वेळी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हे तरुण भारतीय डॉक्टर काम करीत होते. तेथील ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. स्टॅन्ले बॉइड यांनी एका रुग्णाच्या पित्ताशयात दोष असल्याचे निदान केले होते. हकीमसाहेबांनी रुग्णाला तपासून आतड्याच्या आरंभीच्या भागात व्रण असल्याचे मत दिले. शस्त्रक्रियेत त्यांचे निदान खरे ठरले, अशी आठवण सांगितली जाते. त्या भेटीतून डॉ. अन्सारी आणि हकीमसाहेब यांची जन्मभराची मैत्री जुळली. एक आधुनिक वैद्यकाचा पुरस्कर्ता, दुसरा प्राचीन वैद्यकाचा वारसदार. पुढे दिल्लीच्या सार्वजनिक जीवनाचे हे दोघे आधारस्तंभ झाले.

एक उद्घाटन, दोन तैलचित्रे

१९११ च्या अखेरीस दिल्ली राजधानी होणार असल्याची घोषणा झाली. जुन्या शहराच्या पश्चिमेकडील करोल बागेच्या मोकळ्या परिसरात नव्या महाविद्यालयासाठी जागा मिळाली. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी भारतातील आपल्या कारकिर्दीच्या अगदी अखेरीस, २९ मार्च १९१६ रोजी तेथे कोनशिला बसवली. त्या वेळी हकीमसाहेब सरकारच्या विश्वासातील नागरिक होते. सरकारने त्यांना १९०८ मध्ये हाझिक-उल-मुल्क हा किताब दिला होता. त्यापूर्वी १९०६ मध्ये आगाखान यांच्या नेतृत्वाखाली व्हाइसरॉय मिंटो यांना सिमल्यात भेटलेल्या मुस्लिम शिष्टमंडळातही ते सहभागी होते. स्वतंत्र मतदारसंघांची मागणी करणाऱ्या त्या शिष्टमंडळाचे दूरगामी परिणाम पाहता, त्यांच्या आयुष्यातील हा टप्पा चरित्रकाराने झाकून ठेवता येत नाही.

इमारत पूर्ण होईपर्यंत देशाचे आणि हकीमसाहेबांचे राजकारण पार बदलले होते. रौलेट कायदा, जालियनवाला बाग आणि खिलाफतीचा प्रश्न यांमुळे त्यांचा सरकारवरील विश्वास उडाला. १९२० मध्ये त्यांनी सरकारी किताब आणि पदक परत केले. लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क, म्हणजे राष्ट्राला आरोग्य देणारा, ही उपाधी बहाल केली.

१३ फेब्रुवारी १९२१ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. असहकार चळवळ ऐन भरात होती. सरकारी शाळा, न्यायालये आणि पदव्या यांच्यावर बहिष्कार सुरू होता. अशा वातावरणात त्याच समारंभात गांधीजींच्या हस्ते लॉर्ड आणि लेडी हार्डिंग यांच्या तैलचित्रांचेही अनावरण झाले. संस्थेच्या पायाभरणीत ज्यांनी मदत केली त्यांचे ऋण, राजकीय भूमिका बदलली म्हणून नाकारायचे नाही, हा संदेश त्यात होता. आपला लढा इंग्रज माणसांच्या द्वेषावर उभा नाही, याचा दाखला म्हणून गांधीजींनीही या अनावरणाकडे पाहिले.

त्या दिवशीच्या भाषणात गांधीजींनी पाश्चात्त्य वैज्ञानिकांच्या संशोधनवृत्तीचा गौरव केला आणि वैद्य व हकीम मंडळींमध्ये ती वृत्ती आढळत नसल्याबद्दल स्पष्ट नाराजी व्यक्त केली. उद्घाटनाच्या दिवशी प्रमुख पाहुण्याने यजमानांच्या व्यवसायाचे दोष सांगावेत, हे एखाद्या संस्थापकाला अवघड वाटले असते. हकीमसाहेबांचे स्वतःचे मत मात्र याहून वेगळे नव्हते. पुढील काही वर्षांत त्यांनी महाविद्यालयात संशोधन विभाग उभारण्याची जी खटपट केली, ती पाहता ही टीका त्यांनी मनावर घेतली होती असे म्हणता येते.

गर्दी आणि जबाबदारी

राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर हकीमसाहेब ठळकपणे आले ते डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात. या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी लोकमान्य टिळकांची निवड झाली होती. परंतु चिरोल खटल्यासाठी लोकमान्यांना इंग्लंडला जावे लागले आणि पंडित मदन मोहन मालवीय यांनी अध्यक्षस्थान स्वीकारले. स्वागताध्यक्ष म्हणून हकीम अजमल खान यांनी दिल्लीत देशभरातील प्रतिनिधींचे यजमानपद सांभाळले.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी त्यांच्या नेतृत्वाची पहिली कठीण कसोटी लागली. रौलेट कायद्याच्या निषेधार्थ ३० मार्च १९१९ रोजी दिल्लीत हरताळ पाळण्यात आला. रेल्वे स्थानक आणि नगरभवन परिसरात गोळीबार होऊन अनेकांचे प्राण गेले. हिंदू आणि मुस्लिम एकत्र रस्त्यावर उतरले होते, स्वामी श्रद्धानंदांनी जामा मशिदीतून जमावाला संबोधित केले होते. शहर शोकात आणि संतापात बुडालेले असताना, संतापाला आणखी वारा घालणे हे पुढाऱ्यांसाठी सर्वांत सोपे होते. हकीमसाहेबांनी लोकांच्या बाजूने उभे राहूनही शांततेचा आग्रह धरला. हरताळ लांबला तसा रोजंदारीवर पोट असणाऱ्यांचा प्रश्न गंभीर झाला. तेव्हा अधिकाऱ्यांशी बोलणी करणे आणि व्यापाऱ्यांची समजूत घालून व्यवहार सुरळीत करणे हे अप्रिय काम करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. काही दिवसांनी अमृतसरात जे घडले ते पाहता, दिल्लीत टळलेल्या अनर्थाचे मोल अधिक जाणवते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमृतसर येथे भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. बकरी ईदला गायीऐवजी अन्य प्राण्यांचा बळी द्यावा, हे आवाहन त्यांनी तेथे आपल्याच समाजाला केले आणि लीगने तसा ठरावही केला. दुसऱ्या समाजाकडून काही मागण्यापूर्वी आपल्या समाजाला सोडण्यास सांगणे, ही त्यांची पद्धत होती.

दुसऱ्यांसाठी सांभाळलेली खुर्ची

डिसेंबर १९२१ च्या अहमदाबाद अधिवेशनासाठी देशबंधू चित्तरंजन दास यांची अध्यक्षपदी निवड झाली होती. अधिवेशनापूर्वीच सरकारने त्यांना अटक केली. त्यांच्या जागी हंगामी अध्यक्ष म्हणून हकीम अजमल खान यांची निवड झाली आणि देशबंधूंचे भाषण सरोजिनी नायडू यांनी वाचून दाखवले. खुर्च्या काढून टाकून प्रतिनिधी जमिनीवर बसलेले हे पहिलेच अधिवेशन. देशभरातील हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. मौलाना हसरत मोहानी यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचे ध्येय स्वीकारण्याचा ठराव मांडला, गांधीजींनी त्यास विरोध केला आणि तो फेटाळला गेला. तापलेल्या या सभेचे संचालन हकीमसाहेबांनी केले.

दोनच महिन्यांत परिस्थिती उलटली. चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर फेब्रुवारी १९२२ मध्ये गांधीजींनी सामुदायिक कायदेभंग स्थगित केला. कार्यकर्त्यांत निराशा पसरली. त्या महिन्याच्या अखेरीस अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक दिल्लीत भरली. नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनी गांधीजींच्या निर्णयावर नापसंतीचा ठराव मांडला. देशातील सर्वांत मोठ्या नेत्याविरुद्धचा हा ठराव रीतसर मांडला गेला, ऐकला गेला आणि मतदानात नामंजूर झाला. काँग्रेसचे अध्यक्षपद त्या वेळी हकीमसाहेबांकडेच होते. मार्चमध्ये गांधीजींना अटक झाली आणि देशबंधू आधीपासूनच तुरुंगात होते. खचलेल्या संघटनेची मोट बांधून ठेवण्याचे काम आता त्यांच्यावर येऊन पडले.

तीन विरुद्ध तीन

जून १९२२ मध्ये काँग्रेसने सविनय कायदेभंगाच्या प्रश्नावर चौकशी समिती नेमली. हकीम अजमल खान तिचे अध्यक्ष होते. मोतीलाल नेहरू, विठ्ठलभाई पटेल, डॉ. अन्सारी, चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि कस्तुरीरंगा अय्यंगार हे तिच्या कामात सहभागी झालेले अन्य सदस्य. समितीने देशभर दौरा केला, प्रांतोप्रांतीच्या कार्यकर्त्यांच्या साक्षी घेतल्या. व्यासपीठावरून देश लढ्याला सज्ज असल्याचे सांगितले जात होते; समितीसमोर आलेले चित्र वेगळे होते. सामुदायिक कायदेभंगासाठी देश अद्याप तयार नाही, असा निष्कर्ष समितीने एकमताने नोंदवला. मर्यादित स्वरूपाच्या कायदेभंगाचा निर्णय प्रांतिक समित्यांनी आपल्या जबाबदारीवर घ्यावा, अशी मुभाही तिने दिली. अनुयायांना जे ऐकायला आवडणार नाही ते पुराव्यानिशी लिहून देण्याचे धैर्य या अहवालात होते.

खरा पेच कायदेमंडळांच्या प्रवेशाचा होता. निवडणुका लढवून कायदेमंडळात शिरावे आणि तेथून सरकारची अडवणूक करावी, असे एका गटाचे मत होते. बहिष्काराचा मूळ निर्णय तसाच कायम ठेवावा, असे दुसऱ्या गटाला वाटत होते. महाराष्ट्रात न. चिं. केळकर आणि त्यांचे सहकारी पहिल्या मताचे होते. समितीत या प्रश्नावर बरोबर दोन भाग पडले. हकीमसाहेब, मोतीलाल नेहरू आणि विठ्ठलभाई पटेल प्रवेशाच्या बाजूने, डॉ. अन्सारी, राजाजी आणि कस्तुरीरंगा अय्यंगार विरुद्ध बाजूने. लंडनमध्ये जुळलेली मैत्री आता दोन विरुद्ध मतांच्या दोन टोकांना उभी होती.

समितीने दोन्ही मते त्यांच्या युक्तिवादासह अहवालात मांडली आणि निर्णय काँग्रेसवर सोपवला. अध्यक्षाचे मत एका बाजूला असूनही अहवाल त्या बाजूला कललेला दिसत नाही. डिसेंबर १९२२ च्या गया अधिवेशनात प्रवेशवाद्यांचा पराभव झाला. देशबंधू दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष स्थापन केला. काँग्रेस दुभंगण्याच्या टोकाला आली होती. सप्टेंबर १९२३ मध्ये दिल्लीत मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या अध्यक्षतेखाली विशेष अधिवेशन भरले. ज्यांच्या धर्मबुद्धीला किंवा सदसद्विवेकाला अडचण नाही त्यांनी निवडणूक लढवावी, असा मधला मार्ग तेथे निघाला. १९०७ च्या सुरत अधिवेशनात जहाल आणि मवाळ यांच्यात झालेली फूट भरून यायला नऊ वर्षे लागली होती. या वेळी मतभेद तितकेच तीव्र असूनही संघटना एकसंध राहिली. त्याचे श्रेय अनेकांना जाते. त्या अनेकांत विरोधी मताच्या मित्राशी संबंध तुटू न देणारे हकीमसाहेब होते. डॉ. अन्सारी आणि त्यांची मैत्री अखेरपर्यंत अभंग राहिली.

अपयशाची वर्षे

संयम प्रत्येक वेळी यशस्वी होतो असे नाही. १९२३ नंतर उत्तर हिंदुस्थानात जातीय दंगलींचे सत्र सुरू झाले. जुलै १९२४ मध्ये दिल्लीही त्यात होरपळली. पाच वर्षांपूर्वी ज्या शहरात दोन्ही समाज एकत्र गोळ्या झेलत होते, त्याच शहरात ते एकमेकांवर धावून गेले. हकीमसाहेबांनी उभ्या केलेल्या ऐक्याला गेलेला तो तडा होता. सप्टेंबरमध्ये गांधीजींनी दिल्लीत २१ दिवसांचे उपोषण केले. ऐक्य परिषद भरली आणि वादांच्या निवाड्यासाठी राष्ट्रीय पंचायत नेमण्यात आली. गांधीजी, लाला लजपतराय आणि अन्य सदस्यांसोबत हकीमसाहेबांचाही तीत समावेश होता. परंतु वातावरण निवळले नाही. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने स्वतःच खिलाफत रद्द केल्याने त्या चळवळीचा आधारच नाहीसा झाला होता.

अशा वेळी अनेक पुढारी आपापल्या समाजाच्या संघटनांकडे वळले. तेथे टाळ्या होत्या, अनुयायी होते. हकीमसाहेबांनी तो मार्ग पत्करला नाही. त्यांची लोकप्रियता ओसरली, प्रकृतीही ढासळत गेली. शरीफ मंझिलचा दरवाजा मात्र दोन्ही समाजांच्या रुग्णांसाठी पूर्वीसारखाच उघडा राहिला आणि तिब्बिया महाविद्यालयात आयुर्वेद व युनानीचे वर्ग एकाच छताखाली भरत राहिले.

जामियाचा भार

असहकाराच्या लाटेत २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे जामिया मिल्लिया इस्लामिया या राष्ट्रीय विद्यापीठाची स्थापना झाली. हकीम अजमल खान तिचे पहिले कुलपती होते. चळवळ मंदावली तसा निधी आटला. विद्यापीठ बंद करावे असा विचार बळावू लागला. गांधीजींचा जामियाला भक्कम पाठिंबा होता. हकीमसाहेबांनी १९२५ मध्ये ही संस्था अलीगढहून दिल्लीला, करोल बागेत आणली. तिब्बिया महाविद्यालयाच्या परिसराजवळ भाड्याच्या इमारतींत तिचे वर्ग भरू लागले. शिक्षकांचे पगार आणि दैनंदिन खर्च यांचा बराचसा भार हकीमसाहेब स्वतःच्या कमाईतून आणि स्वतःच्या ओळखीतून उचलत होते. १९२६ मध्ये जर्मनीतून शिक्षण घेऊन परतलेले डॉ. झाकिर हुसेन, मोहम्मद मुजीब आणि डॉ. आबिद हुसेन हे तरुण जामियात दाखल झाले. संस्थेची सूत्रे या तरुणांच्या हाती हळूहळू गेली.

या धावपळीतही ते शैदा या टोपणनावाने उर्दू आणि फारसीत कविता लिहीत. त्यांचा काव्यसंग्रह बर्लिनमध्ये छापला गेला.

२९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूर येथे हृदयविकाराने हकीम अजमल खान यांचे निधन झाले. तरुणपणी ज्या संस्थानात राजवैद्य म्हणून कारकीर्द सुरू झाली, तेथेच तिचा शेवट झाला. त्याच आठवड्यात त्यांचे मित्र डॉ. अन्सारी मद्रास येथे काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान भूषवीत होते. हकीमसाहेबांचे पार्थिव दिल्लीला आणून पंचकुइयाँ मार्गावरील हजरत रसूलनुमा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले.

त्यांच्यानंतर

कुलपतींच्या निधनानंतर जामिया कर्जात होती आणि आधार नाहीसा झाला होता. १९२८ मध्ये डॉ. झाकिर हुसेन यांच्या पुढाकाराने शिक्षकांनी एक संस्था स्थापन करून वीस वर्षे, महिना १५० रुपयांपेक्षा अधिक वेतन न घेता, सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. संस्थेसाठी उभारलेल्या निधीला अजमल खान यांचेच नाव देण्यात आले. १९३५ मध्ये ओखल्यात नव्या इमारतीची पायाभरणी होईपर्यंत जामियाचे मुख्य केंद्र करोल बागेतच होते. डॉ. झाकिर हुसेन पुढे भारताचे राष्ट्रपती झाले.

तिब्बिया महाविद्यालयातील संशोधनाचे स्वप्नही त्यांच्या पश्चात फळाला आले. त्यांच्या प्रेरणेने फ्रँकफर्टमध्ये शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी येथील संशोधन संस्थेची जबाबदारी घेतली. १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळांतून त्यांनी वेगळ्या केलेल्या एका अल्कलॉइडला अजमलीन हे नाव दिले. हृदयाच्या ठोक्यांतील विशिष्ट दोष ओळखण्यासाठी हे औषध आजही वापरले जाते. त्याच सर्पगंधेच्या उच्च रक्तदाबावरील उपयोगाबद्दल मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि या भारतीय वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. हकीमसाहेब ज्यासाठी दोन्ही बाजूंशी झगडले, ती जुन्या ज्ञानाची आधुनिक कसोटी अशी पार पडली.

१९४७ च्या फाळणीत करोल बाग बदलून गेली. येथील अनेक मुस्लिम कुटुंबे गेली, पश्चिम पंजाबातून निर्वासित आले. जामियाच्या प्रकाशन विभागाचे येथील दुकान आणि ग्रंथभांडार दंगलीत जळाले. घरदार गमावून आलेल्या माणसांनी या रस्त्यावर दुकाने मांडली आणि पुढे दिल्लीतील एक मोठी बाजारपेठ उभी केली. रस्त्याचे नाव मात्र अजमल खान यांचेच राहिले. हकीमसाहेबांनी ज्या ऐक्यासाठी आयुष्य वेचले ते त्यांच्या डोळ्यांदेखत तुटले आणि त्यांच्यानंतर वीस वर्षांनी देशही दुभंगला. तरीही तिब्बिया महाविद्यालय आज दिल्ली सरकारच्या अखत्यारीत सुरू आहे आणि तेथे आयुर्वेद व युनानी या दोन्ही शाखांचे विद्यार्थी एकाच प्रवेशद्वारातून आत जातात. शंभर वर्षांपूर्वी एका हकिमाने घेतलेला तो निर्णय अद्याप कोणी बदललेला नाही.